मूत्ररोग-कर्करोग शल्यचिकित्सेचे प्रगत प्रशिक्षण : आमचा अनुभव व यंदाचा प्रस्ताव

(देणगीदार व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही आपणांसमोर नव्या यंत्रांची यादी सादर करतो. कोणते यंत्र कोणाच्या स्मरणार्थ मिळाले, कोणत्या कक्षास कोणाचे नाव दिले, हे सांगताना आम्हांस समाधान वाटते. संगमरवरी पाटीवर आपल्या आईवडिलांचे नाव वाचताना देणगीदारांचे डोळे ओलावतात, हेही आम्ही पाहिले आहे. यंदा ज्या खर्चाविषयी बोलावयाचे आहे, त्याची पाटी मात्र कोठेही लावता येणार नाही.

गेल्या वर्षीच्या जमाखर्चात ‘वैद्यकीय प्रगत प्रशिक्षण’ या शीर्षाखाली एक स्वतंत्र ओळ होती. ती वाचून आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी पत्राने विचारणा केली, की डॉक्टर मंडळी शिकूनच येतात. मग त्यांच्या आणखी शिक्षणावर धर्मादाय पैसा का खर्च व्हावा? प्रश्न रास्त आहे. ज्याने पैसा दिला त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर खासगी पत्राने देण्याऐवजी सर्वांसमक्ष द्यावे, असे आम्ही ठरविले. कारण येत्या वर्षी ही ओळ अधिक मोठी होणार आहे आणि तिला आपली संमती हवी आहे.

आम्ही प्रशासनातील माणसे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या टेबलावरून या कामात आलो. शस्त्रक्रियेतले आम्हांस जे कळते, ते केसपेपर आणि बिले वाचून, डॉक्टरांशी बोलून आणि बरेचसे रुग्णांच्या नातेवाइकांचे ऐकून कळले आहे. त्यांतील एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो आमच्या रुग्णालयाला भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी निफाडकडील एका शेतकरी कुटुंबातला विशीतला मुलगा वृषणाच्या सुजेसाठी आमच्याकडे दाखल झाला. आमच्या शल्यचिकित्सकांनी तो हायड्रोसील समजून नेहमीच्या पद्धतीने, वृषणकोशावर छेद घेऊन शस्त्रक्रिया केली. आत पाणी नव्हते, गाठ होती. पॅथॉलॉजीचा अहवाल आला तेव्हा ती कर्करोगाची निघाली. वृषणाच्या गाठीत कर्करोगाचा संशय असेल तर छेद जांघेतून घ्यावा, कोशावर कधीही घेऊ नये, हा या शास्त्रातील पक्का नियम आहे. वृषणातील रस वाहून नेणाऱ्या वाहिन्या वर पोटात, मूत्रपिंडांच्या जवळच्या ग्रंथींकडे जातात. कोशाच्या त्वचेच्या वाहिन्या जांघेकडे जातात. कोशावर सुरी चालवली, की रोगाला एक नवी वाट मिळू शकते. आधी एक साधी सोनोग्राफी केली असती तरी संशय आला असता. तीही झाली नव्हती.

मुलाला मुंबईस पाठविले. तेथे त्याच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, औषधोपचार झाले, आणि तो बरा झाला. हा कर्करोग पसरलेला असतानाही पुष्कळदा बरा होतो. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाला प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशींवरील परिणाम अपघातानेच आढळला आणि १९७४ मध्ये इंडियाना येथील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनचा वृषणाच्या कर्करोगात इतर औषधांसह वापर सुरू केला, त्याचे हे फळ. केमोथेरपीपूर्वी वीर्य साठवून ठेवता येते, पुढे मूल होण्याची आशा त्यामुळे राहते, हेही त्या कुटुंबाला मुंबईतच प्रथम कळले. आमच्याकडे कोणी सांगितले नव्हते.

उपचार संपल्यावर मुलाचे वडील आमच्या कार्यालयात आले. त्यांनी तक्रार केली नाही, नुकसानभरपाई मागितली नाही. मुंबईच्या कागदांची पिशवी टेबलावर ठेवली आणि एवढेच म्हणाले, “साहेब, हे तुम्हांला आधी कळायला पाहिजे होतं ना?” आम्ही काहीही उत्तर देऊ शकलो नाही. ज्यांच्या हातून ती शस्त्रक्रिया झाली, ते हलगर्जी नव्हते. हायड्रोसीलच्या कितीतरी शस्त्रक्रिया त्यांनी उत्तम केल्या होत्या. अशी गाठ मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच आली होती. आमच्या रुग्णालयाची उणीव तेथेच होती.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचे युरॉलॉजिस्ट विश्वस्तांसमोर आले आणि म्हणाले, की मला फेलोशिपसाठी जाऊ द्या. ‘प्रगत प्रशिक्षण’ ही जमाखर्चातील ओळ तेथून सुरू झाली.

आता देणगीदार महोदयांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. डॉक्टर शिकूनच येतात हे खरे, आणि थोडेथोडके शिकून येत नाहीत. एम.बी.बी.एस.ची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, त्यानंतर एम.एस.ची तीन, त्यानंतर युरॉलॉजीतील एम.सीएच.ची तीन. म्हणजे प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षे सोडून साडेअकरा वर्षे झाली. पण युरॉलॉजी ही शाखा विस्तीर्ण आहे. मुतखडे, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, मूत्रमार्गाचे आकुंचन, लहान मुलांतील जन्मजात दोष, मूत्रपिंड प्रत्यारोपण, हे सर्व त्या तीन वर्षांत शिकावे लागते. आमच्या ओपीडीत उन्हाळा लागला की मुतखड्याच्या रुग्णांची रांग जिन्यापर्यंत येते. मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट, वृषण आणि शिश्न यांच्या कर्करोगाचे रुग्ण त्या रांगेत थोडे असतात. थोडे असल्यामुळेच त्यांच्यावर हात बसत नाही. म्हणून युरॉलॉजी पूर्ण केलेल्या किंवा कर्करोग शल्यचिकित्सा शिकलेल्या डॉक्टरांसाठी साधारण एक ते दोन वर्षांचे हे स्वतंत्र प्रशिक्षण असते.

या उपशाखेचा पाया घालणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील डॉ. विलेट व्हिटमोर यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९५१ पासून तीन दशकांहून अधिक काळ ते तेथील युरॉलॉजी विभागाचे प्रमुख होते. अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ही वाट रुंद केली. सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. धर्मादाय पैशातून काय उभे राहू शकते याचे यापेक्षा मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. नाशिकच्या कित्येक कुटुंबांना ते रुग्णालय पहाटेच्या पंचवटी एक्स्प्रेसमुळे माहीत आहे. हातात फायली, दादरला उतरणे, संध्याकाळच्या गाडीने परत. आणि मुक्काम करावा लागला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. या सभागृहातील अनेकांनी तो प्रवास केला आहे.

प्रशिक्षणात नेमके काय मिळते? प्रथम संख्या. आम्हांस हिशेबाची भाषा सोपी जाते, म्हणून एक हिशेब सांगतो. अमेरिकेतील चार केंद्रांमधील ७२ शल्यचिकित्सकांनी प्रोस्टेट कर्करोगासाठी केलेल्या ७,७६५ शस्त्रक्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याच्या गाठीशी पूर्वीच्या केवळ १० शस्त्रक्रिया होत्या, त्याच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग उलटण्याची शक्यता १७.९ टक्के होती. ज्याच्या गाठीशी २५० होत्या, त्याच्या रुग्णांत १०.७ टक्के. रोग तोच, शस्त्रक्रियाही तीच, फरक अनुभवाचा. जिल्ह्याच्या ठिकाणी २५० हा आकडा गाठायला आयुष्य जाईल. फेलोशिपमध्येही डॉक्टर स्वतःच्या हाताने इतक्या शस्त्रक्रिया करील असे नाही. पण ज्यांनी केल्या त्यांच्या शेजारी उभे राहून, त्यांच्या नजरेखाली तो काम करतो. पहिल्या दहांतील चुका तेथे दुरुस्त होतात. अन्यथा त्या आपल्या रुग्णाच्या अंगावर होतात.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते, जरी ती आकड्यांत मांडता येत नाही. शस्त्रक्रिया केव्हा करू नये, हे तेथे शिकायला मिळते. प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी डॉ. व्हिटमोर यांना पडलेला प्रश्न हाच होता, की ज्यांना बरे करता येते त्या सर्वांना उपचाराची खरोखर गरज असते का, आणि ज्यांना गरज असते त्यांना बरे करणे शक्य असते का. ब्रिटनमध्ये लवकर निदान झालेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ नियमित देखरेख अशा तीन गटांत विभागून पंधरा वर्षे पाहण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या आजाराने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत जवळजवळ सारखे, एकूण सुमारे २.७ टक्के होते. हा अभ्यास आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही, हे आमचे डॉक्टर बजावून सांगतात. आपल्याकडील आजोबा कंबर दुखते म्हणून सहा महिने मालिश करून घेतात आणि येतात तेव्हा रोग हाडांत गेलेला असतो. तरीही तपासणीत लवकर सापडलेल्या एखाद्या सत्तरीच्या गृहस्थाला ‘घाई करू नका, दर काही महिन्यांनी तपासू’ असे सांगायला ज्ञान लागते आणि धैर्यही लागते. आमच्यासारख्या बिले पाहणाऱ्यांना हे प्रारंभी विचित्र वाटले, हे कबूल करतो. फेलोशिप करून आलेले डॉक्टर अधिक शस्त्रक्रिया करतील आणि खर्च भरून निघेल, असा आमचा मनातल्या मनात अंदाज होता. काही प्रकारच्या शस्त्रक्रिया उलट कमी झाल्या.

मूत्राशयाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. लघवीतून रक्त जाते, दुखत मात्र काही नाही; दोन दिवसांनी रक्त थांबते आणि माणूस विसरून जातो. तंबाखूचे धूम्रपान हे या रोगाचे मोठे कारण. आपल्या जिल्ह्यात विडी ओढणारे आहेत आणि सिन्नरसारख्या गावात विडी वळून पोट भरणारेही आहेत, हे येथे वेगळे सांगायला नको. अशा रुग्णाच्या मूत्राशयातील गाठ दुर्बिणीतून खरवडून काढतात. पूर्वी आमच्याकडील पॅथॉलॉजी अहवालांत एक वाक्य वारंवार येत असे : ‘नमुन्यात स्नायूचा थर आढळत नाही.’ आम्ही ते वाचून फाइल बंद करीत असू. गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली आहे किंवा नाही, यावर पुढचा सारा उपचार ठरतो, आणि नमुन्यात स्नायूच नसेल तर ते कळणार कसे? आता नमुना तसा आला, तर काही आठवड्यांत पुन्हा दुर्बीण टाकली जाते.

स्नायू वाचलेला असेल तर अनेक रुग्णांना मूत्राशयात बी.सी.जी. देता येते. होय, लहानपणी दंडावर टोचून घेतलेली तीच क्षयाची लस. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये तिचा हा उपयोग दाखविला. आठवड्यातून एकदा, प्रथम सहा आठवडे. हे ऐकून एका आजींनी आम्हांस विचारले होते, “एवढ्या मोठ्या माणसाला बाळाची लस?” त्यांचे यजमान आजही तपासणीला येतात. स्नायूत रोग शिरला असेल तर मात्र मूत्राशय काढावे लागण्याची वेळ येते, आतड्यापासून लघवीचा नवा मार्ग करावा लागतो. ही शस्त्रक्रिया एका प्रशिक्षित हाताने निभावण्यासारखी नाही. दुसरे डॉक्टर पाठविण्याचे मुख्य कारण हेच आहे.

आता एका अशा आजाराविषयी, ज्याचे नाव सभेत घेताना संकोच होतो. संकोचामुळेच तो वाढतो, म्हणून घेतो. शिश्नाचा कर्करोग शहरापेक्षा ग्रामीण आणि गरीब भागात अधिक दिसतो. अस्वच्छता, मागे न सरकणारी त्वचा आणि विशिष्ट विषाणूंचा संसर्ग ही त्याची कारणे. पेठ, सुरगाणा, कळवण या बाजूंनी येणारे रुग्ण वर्ष वर्ष फडके गुंडाळून जखम लपवितात. पत्नीने धरून आणल्यावर ओपीडीत येतात आणि तेथेही कोपऱ्यात उभे राहतात. लवकर आले तर अवयव वाचविता येतो. उशीर झाला तर जांघेतील ग्रंथींची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती केव्हा व किती करावी हे शिकूनच यावे लागते.

आमचे डॉक्टर प्रशिक्षणाहून परतले तेव्हा त्यांची पहिली मागणी कोणत्या यंत्राची असेल, याची आम्ही धास्तीच घेतली होती. रोबोटची किंमत वर्तमानपत्रात वाचलेली होती. त्यांनी मागितली दाराची खोली. ओपीडीत पडद्यामागे ही माणसे बोलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. प्लायवूडचे पार्टिशन, एक दार, आतून कडी. आमच्या खरेदी नोंदवहीत इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी नोंद फारशी सापडणार नाही. दुसरी मागणी अशी, की कर्करोगाचा प्रत्येक रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी दर आठवड्याच्या बैठकीत मांडला जावा; तेथे किरणोपचार आणि औषधोपचार करणारे तज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट व रेडिओलॉजिस्ट असावेत. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांचे मानधन जमाखर्चात आहे. तिसरी मागणी, एका परिचारिकेला पोटावरील लघवीच्या पिशवीची निगा शिकण्यासाठी पाठविण्याची. त्या भगिनी आज येथे उपस्थित आहेत. रुग्ण घरी गेल्यावर रात्री फोन येतो तो त्यांनाच.

पैशाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ कक आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार आपण १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखतो, आणि देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत वळते करतो. हा निधी रुग्णाच्या उपचाराचाच आहे. त्यातील एक रुपयाही डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर खर्च झालेला नाही आणि होणार नाही. शासकीय योजनांमधून मिळणारी रक्कमही त्या त्या उपचाराची असते. त्यामुळे प्रशिक्षणासाठी उरतो तो केवळ आपल्यासारख्यांनी त्याच हेतूने दिलेला पैसा. फेलोशिपच्या काळात मिळणाऱ्या विद्यावेतनावर मुंबईत कुटुंब चालविणे कठीण असते. तो फरक, घरभाडे आणि येथे त्यांच्या जागी येणाऱ्या डॉक्टरांचे मानधन, असा हा खर्च आहे. तपशील याच अहवालातील जमाखर्चात दिला आहे.

“शिकून झाल्यावर ते मोठ्या रुग्णालयात गेले तर?” ही शंका विश्वस्त मंडळातही निघाली. शंका काल्पनिक नाही. अन्य एका विषयाच्या प्रशिक्षणासाठी पाठविलेले आमचे एक डॉक्टर परत आले नाहीत. तेव्हापासून कडक बंधपत्र करून घ्यावे, असा आग्रह आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. बंधपत्राची रक्कम मोठे रुग्णालय एका धनादेशाने भरून टाकते. माणूस टिकतो तो काम करण्याची सोय असेल तर : बैठक होते, भूलतज्ज्ञ वेळेवर येतात, नमुन्याचा अहवाल आठवड्यात मिळतो. नडियादचे मूळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालय पाहावे. १९७८ साली एका लहान शहरात न्यासाने सुरू केलेले हे रुग्णालय. आज देशभरातून डॉक्टर तेथे युरॉलॉजी शिकायला जातात. गाव लहान असल्याची अडचण त्यांना आली नाही. तीन वर्षे सेवेचे साधे लेखी वचन आम्ही घेतो, त्यापलीकडे नाही. मंडळाने हे बहुमताने मान्य केले आहे. एकमताने नव्हे, हेही प्रांजळपणे नमूद करतो.

काही हितचिंतक सुचवितात, की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे, ते मान्यताप्राप्त संस्थांमध्ये फेलोशिप अभ्यासक्रम चालविते. मग आपणच येथे हे प्रशिक्षण का सुरू करू नये? अहवालाच्या मुखपृष्ठावर ते शोभून दिसेल, यात शंका नाही. परंतु ज्या रुग्णसंख्येच्या अभावी आपण आपले डॉक्टर बाहेर पाठवितो, तीच अडचण आपल्याकडे शिकायला येणाऱ्यालाही असेल. तूर्त आपण शिकणारेच राहावे, असे आम्हांस वाटते.

यंदाचा प्रस्ताव असा. आमचे दुसरे युरॉलॉजिस्ट येत्या जुलैपासून दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी जात आहेत. त्यांची निवड स्वतःच्या गुणवत्तेवर झाली आहे. या काळात मुतखड्याच्या शस्त्रक्रियांसाठी प्रतीक्षा वाढेल. त्या रुग्णांच्या नातेवाइकांची आम्ही आजच क्षमा मागतो. तातडीच्या रुग्णास मात्र त्याच दिवशी घेतले जाईल. मूत्राशय पूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया ते परत येईपर्यंत येथे केली जाणार नाही. अशा रुग्णांना मुंबईस पाठविताना बैठकीतील निर्णयाचा कागद, पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या व ब्लॉक, स्कॅनची सीडी आणि भेटीची निश्चित तारीख रुग्णालय देईल. सोबत एका नातेवाइकाचे प्रवासभाडे समाजसेवा विभागाकडून मिळेल. त्यासाठी तळमजल्यावरील खिडकी क्रमांक तीनवर केसपेपर दाखवावा. प्रशिक्षण निधीच्या पावत्या स्वतंत्र पुस्तकातून दिल्या जातात. सभा संपल्यावर ते पुस्तक व्यासपीठाच्या डावीकडील टेबलावर ठेवलेले असेल.

ज्या देणगीदारांनी पत्र लिहिले, ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांचे काही म्हणणे असल्यास त्यांनी ते आता मांडावे, अशी विनंती करून आम्ही थांबतो.